काय चालत नाही? टेस्टिंग मेन्यूच्या टेबलावरून पंगतीच्या इतिहासाकडे

"तुमच्यापैकी कुणाला काही चालत नाही का?"

जेवणाच्या दोन दिवस आधी हॉटेलातून फोन आला, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता. शेंगदाणे, दूध, कोळंबी यांची अ‍ॅलर्जी? कांदा-लसूण? जैन जेवण हवे का? फोनवरची मुलगी अतिशय नम्रपणे एकेक विचारत होती. आमच्या सोबत्याने फोन स्पीकरवर ठेवला होता. तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला सगळं चालतं. आमचंच कुणाला चालत नाही." पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "ओके सर, नो रिस्ट्रिक्शन्स." आम्ही पाचही जण खो खो हसलो. आमच्या घराण्यांच्या इतिहासात "नो रिस्ट्रिक्शन्स" असे कुणीतरी पहिल्यांदाच लिहून घेतले होते!

निमित्त होते आमच्यातल्या एका ताईला पीएच.डी. मिळाल्याचे. नोकरी करणाऱ्या चौघांनी वर्गणी काढली आणि मुंबईतल्या एका टेस्टिंग मेन्यूच्या हॉटेलात जायचे ठरवले. माणशी बिल आमच्यातल्या एकाच्या महिन्याच्या खोलीभाड्याहून जास्त होते. आम्ही गेलो हे ऐकून काही कार्यकर्ते मित्र रागावले. "एवढ्या पैशात अभ्यासिकेला पुस्तकं आली असती," असे एक दादा म्हणाले. त्यांचे चूक नाही. पण तिथे जे पाहिले त्याने आम्हाला इतिहासाची पाने पुन्हा उघडायला लावली. म्हणून हा लेख. तो त्या हॉटेलाच्या कौतुकाचा नाही आणि तक्रारीचाही नाही. आमच्याशी तिथे सगळे आदराने वागले.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वीस-पंचवीस माणसांची छोटी जागा. मंद उजेड. स्वयंपाकघर समोरच उघडे. मेन्यूकार्ड नाही, कारण निवडायचे काहीच नाही. दहा-बारा छोटे पदार्थ एकामागून एक येतात, कधी दोन घासांचे, कधी एकाच घासाचे. काय येणार, कोणत्या क्रमाने येणार, हे सगळे शेफ ठरवतो. प्रत्येक पदार्थ ठेवताना वाढपी त्याची गोष्ट सांगतो. हे मीठ अमुक किनाऱ्यावरचे. ही पालेभाजी अमुक जंगलातली. ही चटणी शेफच्या आजीची. पाहुण्याने फक्त विश्वास ठेवायचा आणि जे पुढे येईल ते खायचे.

सातव्या का आठव्या पदार्थाला रुपयाच्या नाण्याएवढी भाकरी आली. वर ठेच्याचा ठिपका आणि कसलेसे रानफूल. ताई त्या भाकरीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझी पणजी येसकर पाळीला भाकरी मागून आणायची. तिलाही निवड नव्हती. जे टोपल्यात पडेल ते."

आम्हाला या लेखात जे म्हणायचे आहे ते या एका वाक्यात आले आहे. निवड सोडून देणे ही आज श्रीमंतीची खूण झाली आहे. पण ज्याच्याकडे निवड असते तोच ती सोडू शकतो. ताटावरची ही निवड कुणाला कधी मिळाली, कुणाला नाकारली गेली आणि कुणी ती लढून घेतली, हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायला हवा. तो माहीत नसेल तर आपण अशा टेबलावर एक तर दबून बसू, नाही तर भारावून जाऊ. दोन्ही वाईट.

मेन्यूकार्ड आले कुठून?

रेस्टॉरंट ही संस्था पॅरिसमध्ये १७६० च्या दशकात आकाराला आली. हा शब्द आधी जागेसाठी वापरला जात नव्हता. अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून मांसाचा आटवलेला रस दिला जाई, त्या रसाला 'रेस्टॉरंट' म्हणत. तो विकणाऱ्या जागांना पुढे तेच नाव पडले. त्याआधी बाहेर जेवायचे तर खानावळ होती. ठरलेली वेळ, एक लांब टेबल, सगळ्यांसमोर एकच जेवण, आणि ज्याचा हात लांब त्याला मोठा तुकडा. रेस्टॉरंटने तीन गोष्टी बदलल्या. प्रत्येकाला वेगळे टेबल दिले, हवी ती वेळ दिली आणि हातात किमती लिहिलेले कार्ड दिले. १७८९ च्या क्रांतीनंतर ही रेस्टॉरंटे झपाट्याने वाढली. उमरावांच्या घरी जे बंद दाराआड शिजत होते, ते आता पैसे मोजणाऱ्या कुणालाही मागवता येऊ लागले.

ही समता अर्थातच अपुरी होती. पैसे नसलेला माणूस दाराबाहेरच राहिला. तरीही एक मोठी गोष्ट घडली. ताटाचा संबंध जन्माशी तुटला आणि खिशाशी जोडला गेला. आपल्याकडे या एका पायरीसाठी किती रक्त सांडले ते पुढे येईलच.

मग हे कार्ड पुन्हा गेले कसे? एकोणिसाव्या शतकात युरोपात वाढण्याची पद्धत बदलली. पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. आता रशियन पद्धतीने एकामागून एक वाढू लागले. १९७३ मध्ये गो आणि मियो या फ्रेंच समीक्षकांनी 'नव्या पाककले'चा जाहीरनामा काढला. जड रस्से नकोत, ताटे छोटी हवीत, ताजेपणा हवा आणि शेफला मोकळीक हवी, असा त्याचा सूर होता. याच काळात फ्रेंच शेफ जपानला जाऊ लागले. तिथे त्यांनी 'काइसेकी' पाहिले. ठरलेल्या क्रमाने येणारे, ऋतूप्रमाणे बदलणारे छोटे छोटे पदार्थ, आणि निवड यजमानाची. आजच्या टेस्टिंग मेन्यूमध्ये या दोन्ही धारा मिसळल्या आहेत.

जपानचे थोडे थांबून बघू, कारण तिथली गोष्ट आपल्या फार जवळची आहे. काइसेकीचे मूळ चहाच्या विधीत आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने चहाची खोली अगदी लहान केली, दोन चटयांएवढी. तिचे दार इतके बुटके की वाकून, सरपटतच आत जावे लागे. सामुराईला तलवार बाहेर ठेवावी लागे. आत आल्यावर सरदार आणि व्यापारी शेजारी शेजारी बसत. या बुटक्या दाराचे जगभर कौतुक होते, आणि ते योग्यच आहे.

पण त्याच जपानमध्ये मेलेली जनावरे ओढणारी, कातडे कमावणारी एक जमात गावाबाहेर राहत होती. तिला जन्माने अशुद्ध मानले जाई. आज त्यांना बुराकू समाज म्हणतात. १८७१ मध्ये सरकारी आदेशाने त्यांच्यावरील ही जन्मसिद्ध हीनता कागदावर संपली. प्रत्यक्षात संपली नाही, म्हणून १९२२ मध्ये क्योटोत त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली. म्हणजे महाडच्या फक्त पाच वर्षे आधी. या समाजाच्या वाट्याला जनावराची आतडी येत. ती तळून, चरबी काढून ते टिकवत. तो पदार्थ आज ओसाकात नूडल्सच्या वाडग्यात घालून सर्रास विकला जातो. खाणाऱ्या कित्येकांना तो कुणाच्या भुकेतून आला हे माहीतही नसते.

आता विचार करा. बुटक्या दारातून सगळे समान होऊन आत जातात हे खरे. पण दारापर्यंत कोण पोहोचतो? छोट्या खोलीतली जवळीक आपल्याला सुंदर दिसते, कारण बाहेर कोण राहिले ते आतून दिसत नाही.

बारा घरची भाकरी

आता आपल्या गावात येऊ. येसकर म्हणजे वेशीवरचा राखणदार. ही पाळी महारवाड्यात घराघराने फिरे. गावची राखण, सरकारी सांगावे पोहोचवणे, मेलेले जनावर ओढणे ही सगळी कामे. मोबदल्यात थोडे वतन, बलुते आणि दारोदार जाऊन मागायची भाकरी. एका घरची ज्वारीची, दुसऱ्या घरची बाजरीची, तिसऱ्या घरची कालची, चौथ्या घरची परवाची. वरून टाकलेली. टोपल्याला हात लागणार नाही इतक्या अंतरावरून. त्यावर कोरड्यास मिळाले तर मिळाले.

बारा घरांच्या बारा चवी. निवड वाढणाऱ्याची, आणि खाणाऱ्याने तक्रार करायची नाही. ताईच्या पणजीने आयुष्यभर हे जेवण खाल्ले. त्याचे कौतुक करायला कुणी समीक्षक आला नाही.

बाबासाहेबांनी या टोपल्यावर नेमके बोट ठेवले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा, हेही सांगितले. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनात सुधारणा करणारे विधेयक मांडले. पाणी, भाकरी आणि वतन हा त्यांच्यासाठी एकच लढा होता. जो माणूस जेवणासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, तो मताने स्वतंत्र राहू शकत नाही, हे त्यांना दिसत होते.

महाडची आणखी एक गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. पाणी पिऊन लोक परतले. मंडपात जेवणे चालू होती. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवून सनातनी लाठ्या घेऊन आले, ते थेट जेवणाऱ्या माणसांवर. शिजवलेले अन्न मातीत कालवले गेले. भांडी फोडली गेली. तळ्यासाठी निघालेला राग पंगतीवर का उतरला? कारण आपल्या हाताने शिजवलेले, आपल्या पैशाने आणलेले अन्न सन्मानाने बसून खाणारे अस्पृश्य ही त्यांच्यासाठी तळ्याइतकीच असह्य गोष्ट होती.

एका चहाची किंमत

तळातल्या माणसाचे हे हाल. मग वरच्या पायरीवर काय चालू होते? १४ ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातले चाळीसहून अधिक प्रतिष्ठित लोक जमले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी मंडळ नेमले गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांसारख्या सुधारकाग्रणीनेही शेवटी प्रायश्चित्त घेतले. न्यायमूर्ती झाला तरी एका पेल्यापुढे त्याला झुकावे लागले! जात ही ताटात, पेल्यात, पंगतीत राहते हे यापेक्षा स्पष्ट कशाने होणार?

याच्या उलट चित्र कोल्हापूरचे. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या चाकरीतले. सवर्णांच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना अमानुष मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना सहानुभूतीचे चार शब्द बोलून परत पाठवले नाही. त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पिऊ लागले आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले.

या प्रसंगात आपण नेहमी महाराजांचे मोठेपण सांगतो. ते आहेच. पण बारकाईने बघा. शाहूंनी गंगारामांना आपल्या पंगतीला बसवले नाही. त्यांनी गंगारामांना मालक केले आणि स्वतः गिऱ्हाईक झाले. पंगतीला बोलावण्यात उपकार असतो. गल्ल्यावर बसण्यात हक्क असतो. आजच्या तरुण उद्योजकांनी हा फरक मनावर कोरून ठेवावा.

१९१७ मध्ये केरळात चेराईला सहोदरन अय्यप्पन यांनी ईळव आणि पुलय यांना एकत्र जेवू घातले. त्यांच्याच ईळव समाजातल्या सनातन्यांनी त्यांना वाळीत टाकले आणि 'पुलयन अय्यप्पन' म्हणून हिणवले. अय्यप्पन यांनी ते नाव अभिमानाने मिरवले. म्हणजे वरच्या जातीने खालच्यांना दूर ठेवले एवढेच नाही, खालच्यांनीही आपल्या खालच्यांना दूर ठेवले. आपल्या वस्त्यांमध्ये आजही पोटजातींच्या पंगती वेगळ्या बसत असतील, तर हा आरसा आपल्यासाठीही आहे.

या सगळ्या लढ्यांचा सारांश संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात आला. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही मज्जाव नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली. दुकान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा. जो कुणी सेवा मागायला येईल त्याला सेवा देण्याची तयारी ठेवून मालक जिथे बसतो, ते दुकान. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेदही मंजूर झाला. आम्ही पाच जण त्या हॉटेलाचे दार ढकलून आत गेलो, ते खिशातल्या पैशाच्या जोरावर गेलो असे वाटेल. पैसे बाबासाहेबांच्या पिढीतही काहींकडे होते. १९१७ मध्ये परदेशी शिक्षण घेऊन आलेल्या, बडोद्यात नोकरीला लागलेल्या बाबासाहेबांच्याही खिशात पैसे होते. तरी राहायला जागा मिळाली नाही, आणि पारशी पथिकाश्रमातून त्यांना बाहेर काढले गेले. दार पैशाने उघडत नव्हते. ते कायद्याने उघडले आणि मग पैसा चालू लागला.

गिरणीच्या आवारातले टेबल

मुंबईतल्या महागड्या जेवणाचा नकाशा बघितला तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. यातली कित्येक ठिकाणे जुन्या गिरण्यांच्या आवारात आहेत. फक्त टेस्टिंग मेन्यू देणारे 'मास्क' २०१६ मध्ये महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलमध्ये सुरू झाले. (आम्ही गेलो ते हे नव्हे.) परळ-लोअर परळच्या आवारांतही अशी रेस्टॉरंटे उभी आहेत. उंच छत, उघड्या विटा, लोखंडी खांब यांना आता 'कॅरेक्टर' म्हणतात.

याच गिरणगावातल्या कापड गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात अस्पृश्यांना काम मिळत नसे. कारण काय? धोट्यात धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याची लाळ लागलेला धागा सवर्ण कामगार तोंडात कसा घेणार? म्हणून जास्त पगाराचे खाते आपल्याला बंद, आणि कमी पगाराची खाती खुली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला: तुमच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी का नाही? वर्गाची भाषा बोलणाऱ्यांनाही लाळेची भिंत दिसत नव्हती. कामगारांच्या खानावळीसुद्धा बहुतेक जातीच्या आणि गावच्या हिशेबानेच चालत.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या. आज तिथे काचेच्या ताटात एक घास येतो. त्या जागेत कधी काळी तोंडावरून माणसाची जात मोजली जात होती, ही गोष्ट कोणताही वाढपी सांगत नाही. मीठ कुठले ते सांगतात. जमीन कुणाची होती ते नाही.

स्वयंपाकघर उघडे असते, हे या हॉटेलांचे वैशिष्ट्य. पण उघड्या स्वयंपाकघरात शेफ दिसतो. भांडी घासणारा मागच्या बाजूला असतो. कोपनहेगनचे 'नोमा' हे अशा जेवणाचे जगातले सर्वांत नावाजलेले ठिकाण. त्याच्या स्वयंपाकघरात २०२२ पर्यंत कितीतरी उमेदवार बिनपगारी राबत होते. पगार सुरू झाल्यावर काही महिन्यांतच नेहमीचे रेस्टॉरंट बंद करणार असल्याचे जाहीर झाले. घासाची किंमत कोण भरतो, हा प्रश्न फक्त भारताचा नाही.

भारताचा प्रश्न मात्र यापेक्षा खोल आहे. इथे शिजवणाऱ्याचा हात तपासला जातो. २०१७ मध्ये पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी घरच्या स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. का? तर जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला म्हणून. पाऊस कधी पडेल हे उपग्रहावरून सांगणाऱ्या खात्यात शिकलेल्या माणसाचे सोवळे सुटत नाही! डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात शाळेतल्या सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे मध्यान्ह भोजन नाकारले. तिथे तर पैशाचा प्रश्नच नव्हता. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता पाळली जाते हे स्वतः कबूल केले. न कबूल करणारे वेगळेच.

आमची चटणी, कुणाची गोष्ट?

आता त्या रानभाजीकडे येऊ. तरोटा, पाथरी, घोळ, कुंजीर. आमच्या आयांनी बांधावरून, नाल्याकाठून खुडलेल्या भाज्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांनी सुकडी आणि मिलोवर दिवस काढले, तेव्हा या पाल्याने कित्येक घरे जगवली. तेव्हा ती भूक होती. आज जंगलात जाऊन पाला खुडण्याला 'फोरेजिंग' म्हणतात आणि त्याचे फोटो छापतात. पाला तोच आहे. खुडणारा हात बदलला, की त्याची किंमत बदलते.

शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले जेवण पहिल्यांदा तपशिलाने कागदावर आणले. चान्या, रक्ती, वजडी, येसर. आता त्याचा इंग्रजी अनुवादही झाला आहे आणि शहरी वाचक त्यावर चर्चा करतात. चांगली गोष्ट आहे. पण आम्हाला एक भीती वाटते. उद्या एखाद्या टेबलावर पाचव्या क्रमांकाला 'दलित डिश' म्हणून वजडीचा एक घास येईल. वाढपी दोन वाक्यांत करुण गोष्ट सांगेल. पाहुणे "इंटरेस्टिंग" म्हणतील. सहावा पदार्थ येईल आणि गोष्ट विसरली जाईल.

इथे आपल्यातल्याच दोन टोकांना उत्तर द्यायला हवे. एक मित्र म्हणतात, हे जेवण लाजेचे आहे, विसरून जा, बाबासाहेबांनीच सोडायला सांगितले. दुसरे म्हणतात, हीच आपली संस्कृती, मिरवा. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मृत जनावराचे मांस आणि मागितलेली भाकरी, म्हणजे लादलेले अन्न. का? कारण त्यात दास्य होते. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात त्यांनीच गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासाच्या अंगाने तपासला. आपल्या खाण्याची लाज बाळगा असे त्यांनी कधीच म्हटले नाही. इतिहास लपवायचा नसतो, तसा तो सजवून विकायचाही नसतो. चान्या वाळवल्या, कारण मांस रोज मिळत नव्हते. रक्ती शिजवली, कारण जनावराचे काहीच टाकून देणे परवडत नव्हते. या कारणांसकट पदार्थ सांगितला गेला पाहिजे, आणि तो सांगणाऱ्याच्या हाती गल्लाही असला पाहिजे. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलाने आपल्याला शिकवले ते हेच.

आणि राज्यसत्तेचाही विसर नको. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. "काही चालत नाही का?" हा प्रश्न हॉटेल नम्रपणे विचारते. सरकार तो विचारत नाही, थेट ठरवते.

मग जायचे की नाही?

आम्ही म्हणतो, ज्याला परवडते आणि इच्छा आहे त्याने खुशाल जावे. अपराधी वाटून घेऊ नये. आपल्या आजोबांनी खाल्लेल्या लाठ्यांमुळे ते दार आपल्यासाठीही उघडले आहे. पण त्या टेबलावर बसणे म्हणजे जातिअंत झाला, या भ्रमात राहू नये. १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की सहभोजनाने जातीची जाणीव मेलेली नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याहीपुढे जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरची श्रद्धा मोडणे. पंचवीस अनोळखी माणसे एका खोलीत एकच जेवण जेवतात, बिल देतात आणि आपापल्या गाडीत बसून आपापल्या जातीच्या सोसायटीत परत जातात. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आमच्याकडे बघून हसून मान डोलावली. त्यांच्या मुलीचे लग्न आमच्यातल्या कुणाशी ठरले असते, तरी ते तसेच हसले असते का? रोटी विकत मिळते. बेटी-व्यवहाराच्या दारावर अजून पहारा आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, तीन प्रश्न सोबत ठेवा. कुठल्याही टेबलावर बसलात, अगदी आपल्याच जयंतीच्या भोजनदानाला बसलात, तरी विचारा. इथे कोण बसू शकत नाही? शिजवणाऱ्याचे आणि भांडी घासणाऱ्याचे नाव कुणाला माहीत आहे का? आणि ताटातल्या पदार्थाची गोष्ट कोण सांगतो आहे, ज्याची ती आहे तो की दुसराच कुणी?

त्या रात्री बाहेर पडलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बारा पदार्थ खाऊनही आमच्यातल्या दोघांना भूक होती, हे कबूल करतो. स्टेशनजवळच्या गाडीवर भुर्जीपाव खाल्ला. तिथे ताईने गाडीवाल्या भाऊंना नाव विचारले, गाव विचारले. मग ती म्हणाली, "पणजीच्या टोपल्यावर एक लेख लिहिते. कुणीतरी तिची गोष्ट वाढायच्या आधी, मीच लिहिते."

ताई, लवकर लिही. आम्ही वाट बघतो आहोत. आणि वाचकांनो, तुमच्याही घरात अशी एक आजी, अशी एक टोपली असेल. तिच्याकडे बसा, विचारा, लिहून ठेवा.

जय भीम.